खाली-वर होणारी सीट

एकोडीत शिरताना डाव्या हाताला माझं सायकलचं दुकान आहे. बेचाळीस वर्षं झाली, पाटी अजून लावलेली नाही. घनश्यामचं दुकान विचारलं की साकोलीच्या बसस्टँडवरचा माणूसही हात करून रस्ता दाखवतो, मग पाटीवर रंग कशाला वाया घालवायचा?

माझं नाव झालं ते सीटमुळे. आमच्याकडे सायकल हवा खायला नसते, ओझं वाहायला असते. मागे धानाचं पोतं, हँडलला दुधाची कॅन आणि वर ऐंशी किलोचा मालक. रस्त्यात एक खड्डा आला की सीट खचते, नाहीतर नाक वळवून बाजूला बघत बसते. लोक वैतागून माझ्याकडे येतात. मी पान्ह्याला दीड हात लांब लोखंडी नळी घालतो, एक पाय भिंतीला टेकवतो आणि असा आवळतो की बोल्ट कुरकुरतो. त्यानंतर ती सीट कोणाच्या बापाला हलत नाही. माझी बायको रुखमा सांगते की या माणसाने लावलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण घरात दुसऱ्या कोणाला उघडत नाही. ती तक्रार म्हणून सांगते, मी कौतुक म्हणून ऐकतो.

अशा माणसाच्या दुकानात पोळ्याच्या आधीच्या रविवारी तृप्ती आली आणि म्हणाली, "काकाजी, बाबाच्या सायकलले खाली-वर होनारी सीट बसवून द्या."

मी तिला म्हटलं की माझ्याकडे लोक सीट हलू नये म्हणून येतात, तू दुकान चुकलीस. ती हसली नाही. मग मीही हसणं आवरलं, कारण तिचा बाबा म्हणजे तेजराम, आणि तेजरामचं काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं.

तेजराम आमच्या गावचा पाणकर. आमच्या तलावाचं पाणी ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे शेतांना पोचवायचं, हे पाणकराचं काम. तलावाचं दार उघडायचं आणि मग नहराच्या पाळीवरून, म्हणजे कालव्याच्या बांधावरून, सायकलने निघायचं. वाटेत सतरा मोऱ्या, शेतात पाणी सोडायची तोंडं. प्रत्येक मोरीपाशी थांबायचं, कोणाची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, भरली आणि कोणाची कोरडी ते बघायचं, फावड्याने माती ओढून एकाचं पाणी बंद करायचं आणि दुसऱ्याचं सोडायचं, की पुढे. सहा किलोमीटरची फेरी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पाळ दीड हात रुंद. मोटारसायकल तिथे चालत नाही आणि पायी निघालं तर सतराव्या मोरीपर्यंत दुपार होते. तेजरामने हे काम सव्वीस वर्षं सायकलवरून केलं. या सव्वीस वर्षांत पाण्यावरून गावात भांडणं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही, पण तेजरामने पाणी खाल्लं असं कोणी म्हटलं नाही.

होळीच्या सुमारास तो साळ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून लाखनीला जात होता. गाडी घसरली आणि उजवा गुडघा फुटला. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं, प्लेट बसली, चार महिने घरात गेले. आता गुडघा काटकोनाच्या थोडा पुढे जातो आणि तिथे दगडावर अडलेल्या फाटकासारखा थांबतो. त्यापुढे वाकवला तर तेजरामच्या डोळ्यांत पाणी येतं.

आता यात सायकलची अडचण समजून घ्या. सीट खाली ठेवली तर पायडल वर आल्यावर गुडघा पूर्ण मुडपावा लागतो. ते त्याला जमत नाही. सीट उंच केली तर पाय मोकळा फिरतो, पण थांबल्यावर जमिनीला पोचत नाही. आणि नहराच्या पाळीवर दोन्ही बाजूंना उतार, म्हणजे जमीन आणखीच खाली. उंच सीटवरून पुढे उडी मारून उतरायचं तर सगळा दणका त्याच गुडघ्यावर. तरी त्याने करून पाहिलं. एकदा नहरात पडला आणि एकदा कुंताबाईच्या बांधीत, नुकत्या रोवलेल्या धानात. कुंताबाईने त्याला हात देऊन उठवलं, चहा पाजला आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, म्हणजे आपल्या मोहल्ल्याबाहेर सांगितली नाही.

पाणीवाटप संस्थेचा अध्यक्ष भैय्यालाल. माणूस सरळ आहे. त्याने तेजरामला घरी येऊन सांगितलं की पहिलं पाणी नवरात्रात सोडायचं आहे. तोवर फेरी करता आली तर काम तुझंच, नाहीतर मोनूला द्यावं लागेल. मोनू म्हणजे भैय्यालालच्या शेजारचा पंचविशीतला मुलगा, पायाने धडधाकट. यात भैय्यालालचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. धान पोटरीत आल्यावर पाण्याला उशीर झाला तर दाणा भरत नाही, आणि गुडघ्याची अडचण धानाला सांगता येत नाही.

तेजराम त्यानंतर माझ्या दुकानात येऊन बराच वेळ बसला होता. एरवी तो बडबड्या. त्या दिवशी टायरच्या ढिगावर बसून ट्यूबची एक पट्टी बोटाला गुंडाळत राहिला.

"काम गेलं तरी उपाशी नाई मरत मी," तो शेवटी म्हणाला. "पोरगी कमावते, घरची शेती आहे. पन सकाळी उठून जाऊ कोठं, घनश्याम?"

मी त्याला चहा मागवला. माझ्याने तेवढंच झालं आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून तृप्ती ते बोलली तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. ती नागपूरला बँकेत नोकरी करते आणि रविवारी तिच्यासारख्याच चार-पाच जणींबरोबर टेकड्यांवर सायकल चालवते. डोंगरातली सायकल, जाड टायरची. तिची पहिली तशी सायकल एकोडीला घरी पडून होती, तीच आता बाबाला द्यायची होती; नवी तिच्याकडे नागपुरात. नव्या सायकलवर हँडलला अंगठ्याखाली एक खटका आहे. खटका दाबून सीटवर बसलं की सीट अंगाच्या भाराने खाली जाते. खटका सोडला की तिथेच थांबते. पुन्हा दाबून थोडं उठलं की आपोआप वर येते. उतारावर सीट खाली हवी, चढावर वर, म्हणून ही सोय. तिने मोबाईलवर दाखवलं. पोरी जी सीट उतार उतरण्यासाठी घेतात, ती आपल्या बाबाला थांबण्यासाठी चालेल, हे या पोरीच्या डोक्यात आलं. चालताना उंच, थांबताना बुटकी.

खरं सांगतो, ते बघून मला राग आला. चांगली वस्तू बघितली आणि ती आपल्याला सुचलेली नसली की जो येतो, तो राग. तो चहा होईपर्यंत टिकला. मग मी तिला म्हटलं की बसवू, पण कोणती बसवायची ते मी ठरवणार. तुमच्या टेकडीवर बिघडली तर तुम्ही गाडीत टाकून घरी जाता. इथे चौदाव्या मोरीवर बिघडली तर तेजराम चिखलात उभा.

पुढचे दहा दिवस मी दुसरं काही केलं नाही असं रुखमा म्हणते. ते खोटं आहे, मी पंक्चरही काढले. पण डोक्यात तेच. तृप्तीने तीन प्रकार पाठवले होते. पहिल्यात तार नाही, सगळं बॅटरीवर. खटका दाबला की सीटला निरोप जातो. दिसायला सुरेख. पण ती बॅटरी चार्ज करावी लागते, आणि तेजरामचा मोबाईल मी बेचाळीस वर्षांच्या ओळखीत कधी चार्ज केलेला पाहिला नाही. तो बाद. दुसरा स्वस्त, आत साधी स्प्रिंग आणि तीन खाचा. सीट त्या तीन उंचींवरच थांबणार. हा मला आवडला होता, कारण मला तो खोलता आला असता. पण त्याचा खटका सीटखाली. म्हणजे दीड हात रुंद पाळीवर एक हात हँडलवरून काढून ढुंगणाखाली न्यायचा. तेजराम सरळ कुंताबाईच्या धानात. तोही बाद.

तिसऱ्यात आत हवा भरलेली बंद नळी, खटका हँडलवर आणि मध्ये तार. बंद नळी मला खोलता येत नाही, हे मला खटकत होतं. मी नागपूरच्या एका दुकानातल्या मेकॅनिकला फोन लावला. तरुण मुलगा होता, पण नीट बोलला. मी त्याला एकच विचारलं, की वर्षभराने यात बिघडतं काय? त्याने सांगितलं की नळी सहसा बिघडत नाही, बिघडली तर अख्खी बदलता येते. चिखल आत जाऊ नये म्हणून तोंडाशी रबर आहे, ते रोज फडक्याने पुसायचं. आणि खराब होते ती तार. तार कोणती, मी विचारलं. तर साधी गिअरची. ती माझ्या दुकानात खिळ्याला लटकलेली असते. तिथेच माझं ठरलं. कोणतीही वस्तू घेताना चालते कशी हे दुकानदार सांगतो; मोडल्यावर जवळ काय मिळेल हे आपण विचारायचं असतं.

मग मापं. तृप्तीची जुनी सायकल दुकानात आणली, सीटची नळी काढून आतलं तोंड व्हर्नियरने मोजलं. तीस पूर्णांक नऊ मिलिमीटर. तीनदा मोजलं, कारण यात एका मिलिमीटरनेही खेळ बिघडतो. फ्रेमला तार आत घालायचं भोक नव्हतं, म्हणून बाहेरून तार येणारीच घ्यायची. आणि सीट किती खाली यायला हवी? तृप्ती म्हणाली, चार इंच पुरे. मी तेजरामला घेऊन प्रत्यक्ष नहराच्या पाळीवर गेलो. सायकल मी धरली, त्याला वर बसवलं आणि त्याचा डावा पाय उतारावर पुरता टेकेपर्यंत सीट खाली करत गेलो. पाच इंच भरले. सपाट जमिनीवर मोजलं असतं तर एक इंच कमी आला असता आणि सगळी मेहनत पाण्यात. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूष होतो. जेवताना रुखमाला दोनदा सांगितलं.

घटस्थापनेच्या आठ दिवस आधी वस्तू आली. काळी, गुळगुळीत, हातात धरावीशी वाटणारी. सोबत एक घडीचा कागद होता, सात-आठ भाषांत बारीक अक्षरं आणि चित्रं. तो मी ड्रॉवरमध्ये टाकला. कागद वाचून सायकल दुरुस्त करणारे मेकॅनिक वेगळे. मी नळी फ्रेममध्ये घातली, तार ओढली, खटका बसवला आणि शेवटी नेहमीप्रमाणे बोल्ट आवळला. नेहमीप्रमाणे म्हणजे षटकोनी चावीला ती लोखंडी नळी घालून, पाय भिंतीला टेकवून. तेजरामचं वजन, पाळीवरचे गचके आणि माझं नाव. सीट खचली असं मला कोणाकडून ऐकायचं नव्हतं.

तेजराम बसला. खटका दाबला. सीट खाली गेली, पण अशी, की नको असलेला पाहुणा उठतो तशी, रखडत. पुन्हा खटका दाबून तो उठला. सीट आलीच नाही. मी हाताने धरून वर ओढली तेव्हा आली.

मी म्हटलं, नवी आहे, मोकळी होईल. दुसऱ्या दिवशी तेच. तार ढिली केली, तार घट्ट केली, तार नवी घातली. तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही पाळीवर गेलो. पहिल्या मोरीपाशी तो थांबला, सीट खाली गेली, पाय टेकला. तिथवर बरं झालं. पण निघताना सीट खालीच. त्याने तशीच पायडल मारली, गुडघा वर येऊन अडला आणि तो हँडलवर ओणवा झाला. मी धावत जाऊन त्याला धरलं. त्याचा शर्ट घामाने ओला झाला होता.

माझं डोकं फिरलं. मी तिथेच पाळीवर उभा राहून, बाजूच्या बांधीतली चार माणसं ऐकत असताना, त्या वस्तूला, ती बनवणाऱ्याला, ती विकणाऱ्याला आणि नागपूरच्या त्या मेकॅनिकला तोंडाला येईल ते बोललो. तेजरामला सांगितलं की मालच खराब निघाला, परत पाठवतो, आणि या जातीच्या सीटवर माझा भरवसा राहिला नाही. बेचाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा, असंही म्हणालो. माझा शब्द त्याच्यासाठी काय आहे, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

तो म्हणाला, "राहू दे गा. तू येवढं केलं, लय झालं." आणि सायकल हातात धरून लंगडत घरी गेला.

दोन दिवसांनी, बुधवारी सकाळी, आदल्या दिवशी त्याच्या घरून आणवलेल्या सायकलची सीट काढून मी खोक्यात भरायला बसलो. दहा दिवसांत परत पाठवली तर ते घेणार होते. रुखमा चहा घेऊन आली आणि म्हणाली की आज समाजमंदिरात संस्थेची बैठक आहे, पाणकराचं ठरणार. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली की तेजरामभाऊंनी काल रात्रीच भैय्यालालला सांगून टाकलं, माझ्याच्यानं होत नाही, मोनूला द्या. हे मला माहीत नव्हतं. चहा गोड लागेना.

मी तार सोडवली. नळी उभी धरून तार अडकवायची बारीक दांडी अंगठ्याने दाबली आणि वरून तळहाताने भार दिला. नळी लोण्यासारखी खाली गेली. दांडी पुन्हा दाबली. टक् करून वर आली, इतक्या जोराने की हनुवटीला लागता लागता राहिली. मी पुन्हा केलं. पुन्हा टक्.

मी ती नळी हातात धरून बसलो. बाहेर चालते आणि फ्रेममध्ये चालत नाही. मग फ्रेम वाकडी असेल. मी भिंतीपाशी उभी असलेल्या सायकलमध्ये ती घातली आणि बोल्ट नुसता बोटांनी फिरवला. टक्. चावीने अर्धा फेरा दिला. टक्. आणखी थोडा. आली, पण जरा आळसावत. मग लोखंडी नळी घालून, पाय भिंतीला टेकवून, माझ्या पद्धतीने.

सीट जागची हलली नाही.

तेव्हा कुठे ड्रॉवर उघडून तो कागद काढला. भाषा मला कळत नव्हती, पण चित्र कळलं. बोल्ट, त्यावर चावी आणि चावीवर मोठी फुली मारलेला एक आवळलेला हात. तो हात माझाच काढलाय असं वाटलं. आत एकात एक दोन नळ्या होत्या. बाहेरची मी इतकी दाबली होती की आतलीला सरकायला जागा उरली नव्हती. बेचाळीस वर्षं मी सीट हलू नये म्हणून आवळत आलो, आणि जी हलायलाच बनवली होती तिचाही मी गळा धरला.

रुखमा दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिला सांगावं लागलं नाही.

"मंग आता?" ती म्हणाली.

मी म्हटलं की संध्याकाळी सायकल तेजरामच्या घरी नेऊन देतो.

"संध्याकाळी कायले? तवावर तं मोनूले देऊन टाकतीन. अन् तेजरामभाऊले तुम्ही बोलले का माल खराब आहे, थे चार लोकांत बोलले. आता हे बी चार लोकांतच सांगा."

रुखमा क्वचित माझ्याशी अशी बोलते. मला तिचा राग आला नाही. भीती वाटली, आणि ती तिची नव्हती. समाजमंदिराच्या ओट्यावर तीस-चाळीस माणसं बसलेली असणार. त्यातल्या प्रत्येकाची सायकल माझ्या हाताखालून गेलेली. त्यांच्यासमोर उभं राहून काय सांगायचं होतं ते माझ्या तोंडात बसत नव्हतं. मी बोल्ट सैल केला, बेताने, दोन बोटांनी चावी धरून आवळला, तार जोडली, फ्रेमच्या तोंडाशी नळीवर पेनने एक रेघ मारली आणि त्या जाड टायरच्या सायकलवर बसून निघालो. वय वर्षं त्रेसष्ट, कमरेला दुकानातलं ऑइलचं फडकं. रस्त्यात दोन पोरं बघून हसली. हसू देत.

बैठक उठायला आली होती. भैय्यालाल वहीत मोनूचं नाव लिहून घेत होता. तेजराम ओट्याच्या कडेला बसला होता, आजारी पाय लांब करून. मी सायकल ओट्याला लावली आणि वाट बघितली असती तर बोललोच नसतो, म्हणून लगेच बोललो.

"सीटमंधी काही दोष नाई. मी जास्त आवळली होती. चूक माझी आहे, तेजरामची नाई अन् मालाचीबी नाई."

मग मागून कोणीतरी म्हणालं की घनश्यामभाऊ चुकले हे वहीत लिहून घ्या अध्यक्षजी, पुन्हा ऐकायला मिळणार नाही. सगळे हसले. माझे कान गरम झाले. पण सांगतो, हसणं संपलं तेव्हा मला वाटलं होतं तितकं काही झालेलं नव्हतं. मी होतो तिथेच होतो.

भैय्यालालने पेन खाली ठेवलं. तेजरामने ठरवून टाकलं आहे, मोनूही तयार आहे, आता पुन्हा सीट अडली तर ऐन पाण्याच्या वेळी गाव कोणाच्या दारात जाणार, असं त्याने मला विचारलं, आणि त्याचं विचारणं रास्त होतं. मी म्हटलं की माझ्या शब्दावर जाऊ नका, समोर बघा. तलाव इथून दोनशे पावलांवर आहे.

तेजराम मात्र उठेना. तो माझ्याकडे बघत होता. पाळीवर त्या दिवशी गुडघ्यात जे झालं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. मी त्याच्याजवळ गेलो.

"तुले तरास मी देला, तेजराम. एक डाव बसून पाह्य. नाई जमलं तं मी पुन्हा नाई म्हननार."

त्याने लांब केलेला पाय हाताने उचलून खाली घेतला. मग ओट्याचा खांब धरून उठला.

सगळी बैठक त्याच्यामागे तलावाच्या पाळीवर आली. तेजरामने सायकल तिरपी करून पाय टाकला, सीट खाली असल्यामुळे सहज टाकता आला. निघाला. दहा हातांवर त्याने अंगठा दाबला आणि जरासा उठला. टक् आवाज मला तिथवर ऐकू आला. सीट वर आली, तो वर बसला आणि त्याचे पाय फिरू लागले. उजवा गुडघा वर येत होता, अडत नव्हता, खाली जात होता. पहिल्या मोरीपाशी त्याने ब्रेक आणि खटका दाबला, सीट खाली गेली, डावा पाय उतारावर पुरता टेकला. तिथून त्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा निघाला. दुसरी मोरी. तिसरी. चौथी वळणामागे आहे, ती दिसत नाही. आम्ही थांबलो. तो परत येईपर्यंत कोणी घरी गेलं नाही.

आल्यावर मी आधी पेनची रेघ बघितली. केसभर सरकली नव्हती. म्हणजे दोन बोटांनी आवळलेलंही टिकतं. ही माहिती मला जरा लवकर मिळाली असती तर कितीतरी बोल्टांचे आटे वाचले असते.

भैय्यालालने वही उघडून मोनूच्या नावावर काट मारली आणि मोनूकडे पाहिलं. मोनू म्हणाला, "बरं झालं. मले त्या सतरा मोऱ्याइतले भांडनंच ठाऊक नाई, कोनाचं पानी कोनापासून लपवाचं थे." तेजराम हसला. त्याने मोनूला सांगितलं की लपवायचं नसतं, पण येत जा सोबत, दाखवतो.

पहिलं पाणी पंचमीला सुटलं. त्या दिवशी मी दुकानातून हललो नाही, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एकाच्या चेनला तेल द्यायचं होतं, मी ब्रेकला दिलं. सीट मध्येच अडली तर? रबरात माती गेली तर? तेजराम सकाळी सहाला गेला होता. साडेनऊ वाजले तेव्हा रस्त्यावर तो दिसला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, पोटऱ्या चिखलाने माखलेल्या, फावडं दांडीला बांधलेलं. दुकानासमोर थांबला, पाय टेकवला आणि आत येऊन टायरच्या ढिगावर बसला.

मी चहा सांगितला. मग तो बोलायला लागला. नवव्या मोरीच्या पाळीला खेकड्यांनी बिळं पाडली आहेत, पाणी वाया जाऊन राहिलं, उद्या चार माणसं घेऊन बुजवावी लागतील. अकरावर दोन भावांनी पुन्हा मधला धुरा, म्हणजे बांध, फोडला, त्यांना दोघांना उभं करून सांगितलं. कुंताबाईचं धान यंदा कसं दाट आलंय, आणि सतराव्या मोरीच्या शेवटच्या बांधीत पाणी पोचलं तेव्हा तिथे बगळे कसे येऊन उतरले. गेली दोन वर्षं तिथवर पहिल्या दिवशी पाणी पोचलं नव्हतं. अर्धा तास तो बोलत होता. चहा गार झाला, तो दुसरा मागवला, तोही गार झाला.

मी वाट बघत होतो. सीट कशी चालली, एवढं तरी म्हणेल. गुडघ्याचं काही सांगेल. तो म्हणाला, सोळाव्या मोरीचं सिमेंट निघालं आहे, भैय्यालालला सांगायला पाहिजे. मग घड्याळ बघून उठला, संध्याकाळच्या फेरीआधी जरा पडतो म्हणाला, आणि बाहेर जाऊन सायकलवर बसला. अंगठा आपोआप खटक्यावर गेला. सीट वर आली आणि तो बोलता बोलताच निघून गेला.

सीटचा त्याला विसर पडला होता. गुडघ्याचाही. मला इतकं बरं वाटलं की समोरच्या गिऱ्हाइकाने तीनदा हाक मारली ती ऐकू आली नाही. त्याची सीट खचत होती. मी ती लोखंडी नळी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि नुसता पान्हा घेऊन आवळायला बसलो.